मान म्हणजे आंब्याची अढी नव्हे

खोली भाड्याने देताना घरमालक सहसा पगार विचारतो, गाव विचारतो आणि आडवळणाने जात काढून घेतो. गोंदियाच्या आमच्या घरमालकांनी यांपैकी काहीच विचारलं नाही. त्यांनी मला खिडकीजवळ उजेडात उभं केलं आणि म्हणाले, "हनुवटी वर करा. आता डावीकडे पाहा. आता आवंढा गिळा."

मी आवंढा गिळला.

"छान मान आहे. लांब आहे, चरबी कमी आहे, सगळं वाचता येतं. आजच सामान आणा."

नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी तिथे गेलो होतो. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि तिथून पाठवण्याजोग्या बातम्या म्हणजे धानाचा भाव, राइस मिलमधले तंटे, बिडी कामगारांचे मोर्चे आणि जंक्शनवर उशिरा येणाऱ्या गाड्या. खोली वरच्या मजल्यावर होती. घरमालक डॉक्टर होते. खाली पुढच्या भागात त्यांचा दवाखाना, मागे त्यांचं घर. दवाखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार होतं आणि ते कधी बंद नसे. त्यामुळे रुग्णाला आत काय शिजतंय ते कळे आणि डॉक्टरीणबाईंना बाहेर कोणाला काय झालंय ते.

डॉक्टर उंच, वाकलेले, कायम पांढऱ्या कोटात. गोंदियात येण्याआधी ते एका वैद्यकीय शाळेत शरीररचना शिकवत. म्हणजे प्रेतं उघडून विद्यार्थ्यांना दाखवत. ती नोकरी का गेली हे ते स्वतःच खुशीत सांगत. वर्षभरात अख्खा देह शिकवायचा असे आणि यांनी अर्ध्याहून जास्त वर्ष मानेतच काढलं. गळ्याच्या पायथ्याशी असलेल्या हासळीच्या हाडाखाली ते उतरायलाच तयार नव्हते. परीक्षेत पोटावर प्रश्न आला तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी पोटाचा जिथे मानेशी संबंध येतो तेवढा भाग लिहिला. प्राचार्यांनी त्यांना बोलावून विचारलं, "पोट, छाती, हात, पाय यांचं काय करायचं?"

"ते सगळं मानेला लटकलेलं आहे," डॉक्टर म्हणाले, आणि सासऱ्यांनी मुलीला दिलेल्या गोंदियाच्या घरात येऊन त्यांनी पाटी लावली.

मानेतलंही त्यांचं खरं प्रेम शिरांवर किंवा स्नायूंवर नव्हतं. ते होतं पडद्यांवर. मानेत कातडीच्या खाली पातळ, चिवट, पांढरट पडदे असतात. ते एकात एक गुंडाळलेले असतात आणि गळ्यातल्या प्रत्येक वस्तूला वेगळी खोली करून देतात. पुस्तकात त्यांना प्रावरणी म्हणतात. डॉक्टरांना तो शब्द मुंजीतल्या मंत्रासारखा वाटे. ते पडदा म्हणत. प्रेतावर काम करणारे बाकीचे लोक हे पडदे खरवडून फेकतात आणि खालचे स्नायू दाखवतात. "म्हणजे घर पाहायला जायचं, भिंती पाडायच्या आणि सामान पाहून परत यायचं," असं ते म्हणत.

दवाखान्यात खुंटीवर तीन कापडं टांगलेली असत. एक जाड पंचा, एक मलमलीचा तुकडा आणि एक जुन्या लुगड्याचा पट्टा. रुग्ण कशासाठीही आलेला असो, त्याच्या गळ्याभोवती ही कापडं चढत. पट्टा मानेच्या मागच्या बाजूला, कारण पाठीच्या कण्याला आणि त्याच्या स्नायूंना धरून ठेवणारा पडदा सगळ्यांत आत असतो. मलमल पुढे, श्वासनळी आणि अन्ननळीवर. दोन्ही बाजूंना डॉक्टरांच्या खिशातल्या रुमालांच्या सुरळ्या. धमनी, शीर आणि एक मोठी नस अशा तिघी त्या सुरळीत एकत्र राहतात. सगळ्यात शेवटी पंचा, सर्वांवरून, गोल.

"हा बाहेरचा कोट. वर जबड्याला शिवलेला, खाली हासळीला," ते सांगत. मग अन्ननळीच्या मागे, मलमल आणि पट्टा यांच्या फटीत बोट घालत. "आणि ही गल्ली. इथे पू शिरला की मधली स्टेशनं घेत नाही. थेट छातीत उतरतो."

एकदा एक मिलवाले शेठ या अवस्थेत बाकावर बसलेले मी पाहिले. लग्नाच्या नवरदेवासारखे दिसत होते.

"डाक्टर साब, मुझे बदहजमी है."

"मालूम है, शेठजी. पहले गला समझ लो. जो भी हजम होगा, यहीं से जाएगा."

शेठजी समजून घेऊन, सोड्याची पुडी घेऊन गेले. पुढच्या वेळीही आले. गोंदियात त्यांच्याइतका स्वस्त डॉक्टर दुसरा नव्हता.

माणसं त्यांना मानेवरून ओळखू येत. चेहरे लक्षात राहत नसत. स्टेशनवर हमाल डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन निघाला की ते मागोमाग चालत आणि त्याच्या मानेचे स्नायू पोटरीसारखे ताणलेले पाहून "वा, वा" म्हणत. हमालाला वाटे, आपल्या ताकदीचं कौतुक चाललंय. ते खरंही होतं. एका लग्नात मात्र अंगाशी आलं. वधू बोहल्यावर उभी राहिली, तेव्हा डॉक्टर पहिल्या रांगेतून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ग्रंथी किंचित मोठी आहे, पण काळजी नको. आवंढ्याबरोबर वर-खाली होते आहे." वरपक्षाची कुजबुज जेवणाच्या पंगतीपर्यंत चालली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी वराच्या आईला गाठून सांगितलं, "मनावर घेऊ नका जी. माह्या लग्नात त्यायनं मले हेच म्हटलं होतं."

बाई तिरोड्याकडच्या धानवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. चार इयत्ता शिकलेल्या, बोलायला चोख. डॉक्टर कोणावर शस्त्र चालवत नाहीत ही गोष्ट त्यांना खुपत असे. पायाला काचेचा तुकडा रुतला तरी डॉक्टर रुग्णाला सरकारी दवाखान्यात पाठवत. "आमचे रुग्ण आधीच मेलेले असायचे. त्यामुळे आमच्या हातून कधी कोणी मेलं नाही," असं ते विनोदाने म्हणत. त्यावर आतून आवाज येई, "बोलता जित्या मानसासंग अना कापता मेलेल्याले."

ती कापडं खुंटीवर कशी आली तेही सांगायला हवं.

मी तिथे राहायला जाण्यापूर्वी अर्जुनीकडचा एक शेतकरी भावाला बैलगाडीत घालून घेऊन आला होता. घराणं पिढ्यानपिढ्या गावतळी बांधणारं. भावाची दाढ किडली होती आणि जबड्याखाली सूज आली होती. त्या भागात गळू झालं की जवसाचं पोटीस बांधायची रीत आहे. जवस वाटून शिजवतात, फडक्यात घालून गरम गरम बांधतात आणि गळू पिकून मऊ होण्याची वाट पाहतात. पिकलं की फुटतं, नाही फुटलं तर कोणीतरी टोचतं. हातापायावर हे चालून जातं. मानेत चालत नाही, कारण पू त्या जाड पडद्याच्या आत असतो. कातडी मऊ होतच नाही. वरून सगळं लाकडासारखं घट्ट राहतं आणि पू आतल्या आत खाली सरकतो.

डॉक्टरांनी हे त्या शेतकऱ्याला नीट समजावलं. तो तळी बांधणारा. त्याला लगेच उमगलं.

"म्हंजे पाळ वरून शाबूत दिसून राहिली, अना पानी बुडातून जाऊन राहिलं."

"अगदी तेच!" डॉक्टरांना उभ्या आयुष्यात इतका हुशार विद्यार्थी भेटला नव्हता. "मग काय करायचं?"

"फोडा लागते."

"बरोबर. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात घेऊन जा. मी चिठ्ठी देतो."

"जातो जी," शेतकरी म्हणाला. मग भावाकडे पाहून म्हणाला, "पन एक डाव पोटीस लावून पाहतो. पिकलं तं बरंच."

गाडी सरकारी दवाखान्याकडे न वळता गावाकडे गेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिकडच्या लोकांकडून कळलं की भाऊ गेला. डॉक्टरांनी त्या दिवशी दवाखाना उघडला नाही. बाईंनी एवढंच विचारलं, "इथंच काऊन नाई कापलं तुमी?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कपाटातून तीन कापडं काढली.

तेव्हापासून गोंदियातला शक्य तेवढा माणूस त्यांनी कापडात गुंडाळला. व्याख्यानाचा शेवट ठरलेला असे. "गळ्याखाली सूज दिसली, पोटीस नाही, तासभरही वाट पाहणं नाही. मान म्हणजे आंब्याची अढी नव्हे, गवतात घालून पिकवायला."

लोक ऐकून घेत. बाहेर पडल्यावर काय करत ते वेगळं.

एका सकाळी फुलचूरचा एक गाडीवान सर्दीसाठी आला होता. तो पंच्यापर्यंत पोचला होता, डॉक्टर पोटिसाच्या मुद्द्यावर आले होते आणि मी पेपरच्या गठ्ठ्याची वाट पाहत दारात उभा होतो. डॉक्टर मध्येच थांबले. नाक वर करून त्यांनी वास घेतला. गाडीवानालाही आला असावा, कारण तो आतल्या दाराकडे पाहू लागला. जवस शिजल्याचा वास लपत नाही.

"जवस कोण शिजवतंय?"

आतून उत्तर आलं नाही. बाईंकडून उत्तर न येणं हीच पहिली वाईट खूण होती.

त्या चुलीजवळ बसल्या होत्या. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला. डॉक्टरांनी तो बाजूला केला तेव्हा खाली पोटिसाचं फडकं होतं आणि फडक्याखाली जबड्यापासून गळ्यापर्यंत एकच घट्ट, लालसर सूज. गावभर माना बघत फिरणाऱ्या माणसाने घरातली एक मान पाहिली नव्हती.

"कधीपासून?"

"दाढ दुखून राहिली होती." तोंडात गरम घास धरल्यासारखे शब्द येत होते. जीभ वर उचलली गेली होती आणि लाळ गिळता येत नव्हती.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तं तुमी बोलत बसले असते."

डॉक्टर उठले. सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, पुण्याकडचे, तरुण, अदबशीर. त्यांना आणायला मी सायकलवर गेलो. हत्यारांची पेटी घेऊन ते आले, बाईंना तपासलं आणि बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, हे नागपूरचं काम आहे."

"सकाळची गाडी गेली. पुढची संध्याकाळी आहे. तोवर ही श्वास घेत राहील असं लिहून देता?"

तरुण डॉक्टरांनी लिहून दिलं नाही. "मग क्लोरोफॉर्म देऊन इथेच..."

"आडवी करून झोपवलीत तर गळा मिटेल. बसवूनच करायचं. तेवढीच जागा सुईने बधिर करा. तुम्ही कापा, मी सांगतो."

बाईंना खिडकीजवळ खुर्चीत बसवलं. दवाखान्यात पुरेसा उजेड नव्हता. मला दाढीचा आरसा देऊन उन्हात उभं केलं आणि उन्हाचा कवडसा त्यांच्या जबड्याखाली धरायला सांगितलं. डॉक्टर खुर्चीमागे उभे राहिले, बायकोचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बोलू लागले. आवाज नेहमीचाच होता, वर्गातला.

"जबड्याच्या काठाखाली दोन बोटं. वर सरकू नका, तिथे एक बारीक नस आहे, ती तुटली तर ओठ वाकडा होईल. हं. कातडी. आता पातळ स्नायू, कागदासारखा. आता पांढरा पडदा दिसेल."

"दिसला."

"आता तो कापा."

तरुण डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं. "दगडासारखं लागतंय, सर. पू नाहीये इथे. आपलं निदान चुकलं असेल."

"पडद्याच्या अलीकडे पू कसा असेल? पलीकडे जा."

"पलीकडे मोठी धमनी आहे."

"आहे. ती कुठे आहे ते मी सांगतो."

"तुम्हाला माहीत आहे, सर. माझ्या हाताला माहीत नाही." त्यांनी चाकू ताटलीत ठेवला. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. जे होतं ते त्यांनी सांगितलं.

बाईंचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डॉक्टर ताटलीकडे पाहत उभे राहिले. त्यांनी बायकोचं डोकं सोडलं नाही. तेव्हा बाईंनी हात वर केला. बोटाने आधी चाकू दाखवला आणि मग न वळता मागे, नवऱ्याकडे.

ते पुढे आले. तरुण डॉक्टर मागे गेले. डॉक्टरांनी हात पुन्हा धुतले, डाव्या हाताचं एक बोट जखमेत घालून काहीतरी शोधलं, सापडलं तसं बोट तिथेच ठेवलं आणि उजव्या हाताने पडद्याला छेद दिला. मग चाकू ठेवून बंद चिमटा आत घातला, खोल, आणि उघडून बाहेर ओढला. जितक्या शांतपणे ते रुमालाची सुरळी करत तितक्याच शांतपणे. आधी काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा थोडं काळसर पाणी आलं आणि असा वास सुटला की मी तोंड वळवून कवडसा धरून राहिलो. तिसऱ्यांदा पू आला. बाईंनी लांब श्वास घेतला आणि त्यात शिट्टी नव्हती.

या सगळ्यात डॉक्टरांनी एक शब्द उच्चारला नाही. तिथे राहून मला बराच काळ झाला होता. ते जागे असताना इतका वेळ गप्प बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

जखमेत रबराची नळी बसवणं आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन देणं ही कामं तरुण डॉक्टरांनी केली. आमचे डॉक्टर रुग्णांच्या बाकावर जाऊन बसले. गाडीवान अजून तिथेच होता. गळ्यात तिन्ही कापडं होती, कारण ती सोडायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने उठून डॉक्टरांना माठातलं पाणी आणून दिलं.

दुपार कलताना जीभ थोडी खाली बसली आणि बाई बोलल्या. नवरा उशाशी होता. त्याच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "कापता येते म्हना तुमाले."

डॉक्टर अंगणात आले. मी तिथेच होतो. ते माझ्याकडे पाहून बोलले, पण मला उद्देशून बोलले असं वाटलं नाही. "तो अर्जुनीवाला वाचला असता," म्हणाले, आणि पुन्हा आत गेले.

बाईंना बरं व्हायला बरेच दिवस लागले. किडलेली दाढ निघाली, ओठ वाकडा झाला नाही आणि जबड्याखाली बोटाएवढा एक वण राहिला. डॉक्टरांनी नागपूरहून हत्यारं मागवली. पायातली काच असली तर अजूनही माणूस सरकारी दवाखान्यात जाई, पण मान आली की ते स्वतः कापत. तरुण डॉक्टरही पेटी घेऊन येत आणि शेजारी उभे राहून पाहत. काही महिन्यांनी एका हमालाच्या मानेत त्यांनी पडदा स्वतः उघडला. आमचे डॉक्टर त्या वेळी मागे हात बांधून उभे होते, तोंड बंद ठेवून. त्यांना ते फार जड गेलं असावं.

व्याख्यानं थांबली नाहीत. लोकांचं "पिकू द्या जी" हेही थांबलं नाही. माझी बदली होण्याच्या सुमारास आमगावकडची एक म्हातारी तरण्या मुलाला घेऊन आली होती. मुलाच्या जबड्याखाली तशीच सूज होती. डॉक्टरांनी कापडं चढवली, गल्ली दाखवली, छाती दाखवली. म्हातारी मान डोलवत होती आणि मुलाचा हात धरून दाराकडे सरकत होती.

"कायले कापता जी? पोटीस लावतो, पिकंल."

डॉक्टरांचा आवाज चढला. तेवढ्यात बाई कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मनगटाने पदर सारला आणि वण म्हातारीसमोर धरला.

"मीबी लावलं होतं पोटीस. डाक्तरच्या घरात बसून."

म्हातारीने वण जवळून पाहिला, मग बोट लावून पाहिला. मुलाचा हात तिने अजून सोडला नव्हता.

"लय दुखते का, बाई?"

"दुखते," बाई म्हणाल्या. "पन तेवढा वेळ डाक्तर बोलत नाई."

म्हातारीने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं आणि मुलाला खुर्चीत बसवलं.